दौलत मिस्त्रीचं ढिलं पेडल

दौलत मिस्त्रीनं एका आठ सिलिंडरच्या अमेरिकन गाडीचा क्लच जाळला, असं अमरावतीच्या कापूसबाजारात अजून सांगतात. परवा एका अडत्याच्या गादीवर बसलो होतो, तेव्हा एक नवखा दलाल मलाच ही गोष्ट सांगायला लागला. मिस्त्रीला त्यानं उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. "नवी प्लेट विकून खाल्ली आन् जुनीच घासून बसवली म्हणते," असं म्हणून तो हसला. मी त्याच्या हातातला चहाचा गिलास काढून घेतला आणि त्याला गादीवरून उठवलं. अडत्या म्हणाला, "भाऊ, तुमाले काहून इतका राग आला?"

राग मला लवकर येतो, हे अकोल्यापासून बडनेऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण हा राग त्या दलालावरचा नव्हता. ती गाडी माझी होती. क्लच मी जाळला होता. आणि मिस्त्रीनं जाळला हे खोटं त्या बाजारात पहिल्यांदा मीच बोललो होतो. त्या दिवशीही अडत्याला मी हे सांगितलं नाही. चहा संपवला आणि उठून आलो. घरी आल्यावर स्वतःवर इतका चिडलो की जेवलो नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मिस्त्रीचं काम अमरावतीहून बडनेऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर एका कडुलिंबाखाली चालायचं. चार बल्ल्या, वर टिनाची पत्रं, मागं त्याचं घर. लढाईच्या काळात तो पलटणीच्या मोटारखात्यात होता. ब्रह्मदेशाच्या जंगलात ट्रक दुरुस्त करून तो शिकला. उंच, काटक माणूस. बारा महिने खाकी अर्धी चड्डी. दाढी मात्र रोजच्या रोज. तोंडात तंबाखू आणि खिशात चुन्याची डबी.

गाडीपाशी आला की आधी वहाणा काढायचा. नव्या माणसाला वाटायचं, हा गाडीला नमस्कार करतो आहे. कुणी तसं बोललं तर तो सांगायचा, "देवबिव काही नाही. पायाले समजते, वहाणेले समजत नाही." मग अनवाणी पाय पेडलवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. पेडल हळू दाबायचा, हळू सोडायचा. चार-पाच वेळा. डोळे उघडले की रोग सांगायचा, आणि तो चुकल्याचं मी पाहिलं नाही. मालकालाही तो अनवाणी बसवायचा. गावातले एक मोठे वकील एकदा बूट काढून मोज्यांवर बसले. मिस्त्री म्हणाला, "मोजेबी काढा वकीलसाहेब. तुमच्या अन् गाडीच्या मधात कोणी नको." वकिलांनी मुकाट्यानं मोजे काढले. 

छप्पन साली त्याच्या घरानं बौद्ध धर्म घेतला होता. त्यानंतर एका गाडीच्या बंपरला बांधलेलं लिंबू-मिरची त्यानं सोडून मालकाच्या हातात दिलं. "लिंबू वरणात पिळा, मिरची भाकरीसंगं खा. गाडीले पेट्रोल टाका." मालक चिडला, पण गाडी तिथंच ठेवून गेला, कारण तसं काम दुसरीकडे होत नव्हतं.

त्याच्याकडे एक सुतळीची जुनी बाज होती. ती बसायसाठी नव्हती. गाडी खोलताना पहिला नट निघाला की तो बाजेच्या उशाकडच्या पहिल्या घरात ठेवायचा, दुसरा दुसऱ्यात. असं करत करत अख्खा गिअरबॉक्स त्या विणीत बसायचा. जोडताना पायथ्याकडून उलटं यायचं. कागद नाही, खडू नाही. एकदा एक पोलीस जमादार आला आणि धप्पकन त्या बाजेवर बसला. सगळे नट, वायसर, पिना घरंगळत त्याच्या खाली जमा झाल्या. दुसऱ्या कुणी बोंब ठोकली असती. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "आता उठू नका जमादारसाहेब. उठले का अजून हलते." आणि त्यानं त्या जमादाराला दोन तास तसंच बसवून ठेवलं. एकेक नट त्याच्या मांडीखालून काढायचा, उजेडात धरायचा आणि पुन्हा घरात ठेवायचा. जमादाराला नंतर लघवीला जायचं होतं. मिस्त्री म्हणाला, "चार पिना राह्यल्या."

काम झालं की शेवटचा नट आवळून तो त्यावर चुन्याचा एक ठिपका द्यायचा, अर्धा नटावर, अर्धा दांड्यावर. नट कुणी फिरवला तर ठिपका तुटायचा. "हे काहून?" मी विचारलं होतं. तो म्हणाला, "गाडी खोटं बोलत नाही भाऊ. मालक बोलते."

ही गाडी मी कशी घेतली ते सांगावं लागेल. पोरसवदा असताना मी एका जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या बोंद्र्या वाहत होतो. जिनच्या मालकाची गाडी फाटकाशी उभी होती, चॉकलेटी रंगाची, पुढच्या भागावर चांदीसारखी पट्टी. उन्हानं चक्कर आली म्हणून मी तिला टेकलो. मालकानं वरून पाहिलं, खाली उतरला आणि सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. माझी पाठ जिथं टेकली होती ती जागा त्यानं मलाच पुसायला लावली. पुढे मी जुन्या यंत्रांचे सुटे भाग विकायला लागलो, अकोल्यात दुकान टाकलं, घासाघीस करून करून वर आलो. जिन बंद पडला. गाडी सात वर्षं बडनेऱ्याच्या एका गोठ्यात उभी आहे हे कळलं, तेव्हा मी ती पडत्या भावात उचलली. मला ती विकायची नव्हती. हंगामात, गाड्यांची गर्दी असताना, मला ती कापूसबाजारातून चालवत न्यायची होती. जिनचा तो मालक आता तिथल्या एका पेढीवर रोज बसायचा.

बैलजोडीनं ओढत गाडी कडुलिंबाखाली आणली. मिस्त्रीनं वहाणा काढल्या. पेडल दाबलं तर ते खाली गेलं आणि खालीच राहिलं. पायाच्या बोटांनी त्यानं ते वर ओढलं. डोळे मिटले.

"पेडलाचा बुश खाल्ला. दांड्याचं भोक लांबलं. आन् प्लेट चाकाले गंजून चिकटली. पेडल दाबा नाहीतर नका दाबू, प्लेट सुटतच नाही."

"गिअरात टाकून धक्का मारला तर सुटन," मी म्हणालो. बाजारातले सगळे मिस्त्री तेच करायचे.

"सुटन. पण लायनिंगचं कातडं सोलून सुटन. घाई तुमाले हाये, गाडीले नाही."

त्यानं गिअरबॉक्स उतरवला. बाज भरली. पहिल्याच दिवशी मी समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. सगळ्यांना काचेचे गिलास आले, मिस्त्रीला कान तुटलेला वेगळा कप. त्यानं कप घेतला, गाडीखाली गेला आणि तो चहा एका गंजलेल्या नटावर ओतला. "सैल होते यानं," म्हणाला आणि कप परत पाठवला. दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांना सारखे गिलास आणायला लावले. हॉटेलवाला कुरकुरला तेव्हा त्याला शिव्या दिल्या. माझ्या चांगुलपणाचा त्यात भाग नव्हता. मला गाडी लवकर हवी होती.

बुशासाठी, म्हणजे पेडलाच्या भोकातल्या कड्यासाठी, मी माझ्या दुकानातला एक पितळी बुश आणला. जवळपास बसत होता, थोडी पत्री गुंडाळली की झालं असतं. मिस्त्रीनं तो बोटात फिरवला आणि परत दिला. "हा घरी ठेवा. उखळाले लावा." मग त्यानं जिनच्या मोडीतला जाड पितळेचा तुकडा मागितला, लेथवर स्वतः उभं राहून बुश कातून घेतला. नवी प्लेट नागपूरहून आली. ती माझ्यासमोर खोक्यातून निघाली आणि माझ्यासमोर बसली. हे मी मुद्दाम लिहितो आहे. माझ्यासमोर बसली.

याच दिवसांत अकोल्याच्या एका मोटार सर्व्हिसला कारखान्यात पक्का मिस्त्री हवा होता. पगार, राहायला खोली, आणि मुख्य म्हणजे नाव. मिस्त्रीनं अर्ज दिला होता. चाळिशी ओलांडलेला माणूस, हाती पलटणीच्या एका कागदाशिवाय काही नाही. तिथला मॅनेजर मला ओळखत होता. तो म्हणाला, "तुमची ही गाडी सात वर्षं मेलेली हाये. ती यानं उठवली, बाजारातून फिरून परत आली, तर मी आमच्या मालकाजवळ शब्द टाकतो." मिस्त्री त्या दिवशी पहिल्यांदा काम सोडून माझ्याशी बसून बोलला. "झाडाखाली काम केलं का लोक झाडाचा भाव देते, भाऊ. कारखान्यात केलं का माणसाचा देते." दोन मुली शिकत होत्या त्याच्या. थोरलीला मास्तरीण व्हायचं होतं.

गाडी उठली. इंजिन असं बोलायला लागलं की रस्त्यावरची बैलं थांबली. मी अनवाणी बसून पेडल दाबलं. दोन बोटं खाली जाईपर्यंत पेडलात काही जोरच नव्हता. तिथून पुढे ते भरत होतं.

"हे ढिलं हाये," मी म्हणालो.

"ढिलंच पाहिजे. दोन बोटं."

"काहून? मी पैसे पूर्ण देऊन राहिलो."

"त्या दोन बोटांत बेरिंगले आराम हाये. पाय काढला का बेरिंग मागं सरते, प्लेट पूर्ण चिकटते. ती जागा खाल्ली तर बेरिंग सदा दाबून राहीन, प्लेट घसरन, जळन."

मी ऐकलं. पटलं नाही. आयुष्यभर मी एकच गोष्ट शिकलो होतो : माप घेताना काटा ढिला दिसला की समोरचा आपलं खातो आहे. दोन बोटं म्हणजे मला दोन बोटं कमी दिलेली वाटली. शिवाय त्या मालकाच्या पेढीसमोरून जाताना माझ्या पायाखाली काही लुळं नको होतं. मला सगळं कडक हवं होतं.

मॅनेजर दुपारी येणार होता. मिस्त्री आंघोळ करून कपडे बदलायला घरात गेला. मी पाना घेतला, गाडीखाली शिरलो आणि दांड्याचा नट आवळला. पाना सटकला, बोटाचं कातडं गेलं. पण पेडल असं ताठ झालं की मी खूश झालो.

मिस्त्री बाहेर आला तो इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. लांब पँट. केसांना तेल. मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. गाडी मीच चालवणार होतो. तो माझ्या शेजारी बसला. मागे मॅनेजर आणि आणखी चार जण.

रस्ताभर गाडी ठीक होती. बाजारात शिरलो तेव्हा कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. हळू, थांबत, पुन्हा हळू. इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जेमतेम सरकायला लागली. जळल्याचा वास आला. मिस्त्रीनं नाक वर केलं. "भाऊ, थांबवा. पाय काढा."

पेढी तीस पावलांवर होती. मालक बाहेर ओट्यावर येऊन उभा राहिला होता. चष्मा वर करून पाहत होता.

"थांबवा म्हणतो ना."

मी थांबवली नाही. ॲक्सिलरेटर आणखी दाबला. पायाखालच्या तख्त्याच्या फटीतून धूर आला आणि गाडी पेढीच्या दहा पावलं अलीकडे मेली. मालक हसला. मोठ्यानं नाही. नुसतं ओठ हलवून. मागच्या गाडीवाल्यानं विचारलं, "शेठ, बैल जुपू का?" आणि अख्खा बाजार हसला.

मी उतरलो. समोर कुणीतरी हवं होतं. मिस्त्री होता.

"तू नवी प्लेट बसवलीच नाही," मी ओरडलो. तोपर्यंत मी त्याला 'तुमी' म्हणत होतो. "जुनी घासून लावली आन् नवी विकून खाल्ली. मले फसवलं तू."

माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "या लोकांच्या हाती काम दिल्यावर दुसरं काय होणार." दोघातिघांनी माना हलवल्या. मी ते ऐकलं आणि त्याला गप्प केलं नाही. खरं सांगतो, मला त्या वाक्याचा आधार वाटला.

मिस्त्री त्या पांढऱ्या सदऱ्यासकट धुळीत आडवा झाला आणि गाडीखाली गेला. मॅनेजरही वाकून पाहू लागला. मिस्त्री बाहेर आला तेव्हा त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हाताकडे पाहिलं. सोललेल्या बोटाकडे. मग वहाणा घातल्या आणि गाड्यांच्या रांगेच्या कडेनं चालत निघून गेला. पाठीवर सगळी माती.

तो एक शब्द बोलला असता तर मी भांडलो असतो. भांडणात मी कधी हरत नाही. त्यानं मला भांडू दिलं नाही, याचाही राग मी कितीतरी दिवस धरून होतो.

पंधरा दिवसांनी मी अकोल्याला मॅनेजरकडे गेलो. नट मी आवळला होता, हे त्याला सांगितलं. तो पान लावत होता. मान वर न करता म्हणाला, "चुन्याचा ठिपका तुटलेला मलेबी दिसला होता."

"मंग तवा बोलले काहून नाही?"

"गाडी तुमची. मालकाच्या तोंडावर मी कसा बोलू? आन् माणसं दोन होती, जागा एक. आमच्या मालकाच्या मनात दुसराच होता. तुमी सोपं करून देलं." आणि त्यानं पान माझ्यापुढे केलं.

मी ते पान फेकलं, त्याच्या टेबलावर हात आपटला, कारखान्यातली माणसं गोळा होईपर्यंत ओरडलो. घरी आलो तेव्हा बरं वाटत होतं, जणू मी काही केलं. काही केलं नव्हतं. तिथं नवा मिस्त्री कामाला लागून दहा दिवस झाले होते. आणि अमरावतीच्या बाजारात माझंच वाक्य फिरत होतं. कडुलिंबाखाली गाड्या येणं कमी झालं, मग थांबलं. वर्षभरात मिस्त्री तिथून गेला. टिनाची पत्रं कुणी नेली कळलं नाही.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी मी नांदगाव खंडेश्वरकडे एक जुनं इंजिन पाहायला गेलो होतो. शेतकरी म्हणाला, "आता विकत नाही. मिस्त्रीनं चालू करून देलं, दुसरं खाली विहिरीत बसवून राहिला." विहिरीपाशी गेलो तर दौलत मिस्त्री. केस पांढरे, दाढी केलेली. आता तो गावोगाव फिरून विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करत होता. मुली कुठं आहेत विचारलं. थोरली मास्तरीण झाली होती. "तिच्या हिमतीनं," तो म्हणाला.

मी म्हणालो, "मिस्त्री, नट मी आवळला होता."

"माहीत हाये, शेठ." पूर्वी तो मला भाऊ म्हणायचा.

"मंग त्या दिवशी बोलले काहून नाही?"

"शंभर माणूस होतं तिथं. माह्या बाजूनं एक होता का? बोललो असतो तर मार खाल्ला असता, आन् घरी जाऊन पोरीयले मारबी दाखवा लागला असता."

मी तयारीनं बोललो. अकोल्याच्या दुकानामागे शेड बांधून देतो. अर्धी भागीदारी. बोर्डावर तुमचं नाव.

"नाव मले होतंच, शेठ."

"मंग काय पाहिजे ते सांगा."

पान्याचं तोंड फडक्यानं पुसत तो म्हणाला, "जितं बोलले, तितं जाऊन बोला. हंगामात, दुपारी, त्याच पेढीसमोर. दुसरं काही नाही पाहिजे."

मी म्हणालो, लिहून देतो. सही करून देतो. चार मोठ्या माणसांना तुमच्यासमोर सांगतो. पण बाजारात उभं राहून, त्या ओट्यासमोर, तो म्हातारा अजून तिथं बसत असताना? मी म्हणालो, "मिस्त्री, काही कमी करा."

त्यानं पाना कमरेला खोचला. विहिरीच्या आत कपारीवर इंजिन बसवलेलं होतं. तो पाठमोरा झाला आणि लोखंडी कड्यांवर पाय देत खाली उतरायला लागला. आधी कंबर गेली, मग खांदे, मग ते पांढरं डोकं. मी काठावर ओणवा होऊन खाली ओरडत होतो. अर्धी नको, बारा आणे भागीदारी घ्या. खोली देतो. धाकटीच्या लग्नाचं बघतो. खालून हँडल फिरवल्याचा आवाज आला, इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. विहीर अशी घुमायला लागली की माझा आवाज मलाच ऐकू येईना. तरी मी भाव वाढवत होतो. शेतकऱ्यानं मागून माझ्या खांद्याला हात लावला आणि कानाशी येऊन ओरडला, "शेठ, बाजूले सरा. पाण्याच्या दांडात उभे हाये तुमी, पाणी येऊन राहिलं."